भरतीची वेळ आणि पायथनची पहिली पायरी : हर्णैजवळच्या एका वर्गाचा प्रकरण अभ्यास

हे प्रकरण दापोली तालुक्यातलं, हर्णै बंदराजवळच्या एका गावातलं आहे. वाचनालयाच्या माडीवर कुणी कुणी देणगी दिलेले जुने संगणक आहेत. दोन जीबी रॅम आणि बहुतेकांवर विंडोज ७. शनिवार-रविवारी दुपारी आठवी ते अकरावीची मुलं तिथे पायथन ही प्रोग्रॅमिंगची भाषा शिकायला येतात. बरीचशी घरं मासेमारीची, काही आंबा-काजूची, काहींचे वडील मुंबईला नोकरीला. शिकवणारे आम्ही दोघं. सर शाळेत गणित शिकवतात, आणि मी सॉफ्टवेअर कंपनीचं काम गावी राहून करते.

पहिली तुकडी मोठ्या उत्साहात सुरू झाली आणि पावसाळा सरता सरता जवळजवळ रिकामी झाली. सरांनी गळालेल्या मुलांना एकेक करून गाठलं आणि कारण विचारलं. लूप (तोच कोड पुन्हा पुन्हा चालवणं) कळत नाही, फंक्शन (नाव दिलेला कोडचा तुकडा) डोक्यावरून जातं, असं एकानेही सांगितलं नाही. उत्तरं अशी होती: ‘घरी चालतच नाही.’ ‘लाल अक्षरं येतात, मग काय करायचं कळत नाही.’ ‘ताई असल्या की चालतं.’

या तिसऱ्या उत्तराने आम्हाला विचार करायला लावला. मी शेजारी उभी राहून जे दोन सेकंदांत दुरुस्त करत होते, ते मुलाच्या दृष्टीने जादूटोण्यात जमा होतं. म्हणून दुसऱ्या तुकडीच्या आधी आम्ही अभ्यासक्रमाला हात लावला नाही. मूल खुर्चीत बसल्यापासून त्याला पहिलं बरोबर उत्तर मिळेपर्यंत ते कुठे कुठे अडखळतं, तेवढंच तपासायचं ठरवलं. या लेखात त्याचाच वृत्तांत आहे. कोड मी उच्चाराप्रमाणे देवनागरीत दिला आहे; प्रत्यक्षात मुलं तो रोमन अक्षरांत टाइप करतात.

सोपी भाषा, पण कुणासाठी?

नवशिक्यांसाठी भाषा सोपी करण्याची धडपड जुनी आहे. डार्टमथ कॉलेजात जॉन केमेनी आणि थॉमस कर्ट्झ यांनी १९६४ मध्ये बेसिक आणली, ती विज्ञान न शिकणाऱ्या विद्यार्थ्यांनाही संगणक वापरता यावा म्हणून. गुइडो व्हॅन रॉसम यांनी पायथनचं काम १९८९ च्या डिसेंबरात अ‍ॅमस्टरडॅममध्ये सुरू केलं. त्याआधी ते एबीसी नावाच्या शिकाऊंसाठीच्या भाषेवर काम करत होते, आणि तो वारसा पायथनमध्ये उघड दिसतो. १९९९ मध्ये त्यांनी ‘सगळ्यांसाठी प्रोग्रॅमिंग’ अशा आशयाचा प्रस्ताव अमेरिकेच्या संरक्षण संशोधन संस्थेपुढे, डार्पापुढे, मांडला. पायथनसोबत येणारा आयडल हा संपादक, म्हणजे कोड लिहायचा एडिटर, त्याच काळातला. त्या प्रस्तावात एक उद्दिष्ट असं होतं की कोड साध्या इंग्रजीइतका समजण्याजोगा असावा.

आमच्या माडीवर या उद्दिष्टाचा कस लागतो. इफ, एल्स, प्रिंट हे शब्द मुलांना जड गेले नाहीत. पायथनमध्ये राखीव, म्हणजे भाषेने स्वतःसाठी ठेवलेले, शब्द ३५ आणि सुरुवातीला लागतात त्यातले आठ-दहा. क्रिकेटची इंग्रजी पाठ असलेल्या पोराला तेवढे शब्द म्हणजे काहीच नाही. अडचण येते ती भाषा उलट बोलते तेव्हा. मूल लिहितं एक शब्द, आणि चूक झाली की समोर चार ओळींचं इंग्रजी येऊन पडतं. ते इंग्रजी अजिबात साधं नसतं.

सी++ भाषेसाठीच्या टर्बो सी++ या जुन्या साधनाच्या निळ्या पडद्यावर शिकलेल्या माझ्यासारखीला पायथन म्हणजे स्वर्ग वाटतो. एक ओळ लिहिली की उत्तर. पण ही तुलना माझ्या मनातली. मुलांनी टर्बो सी++ पाहिलेलंच नाही, त्यामुळे पायथन किती सोपी आहे हे त्यांना सांगून उपयोग नसतो.

पहिला प्रोग्रॅम

पहिल्या तुकडीला आम्ही रिवाजाप्रमाणे ‘हॅलो वर्ल्ड’ दिला होता. आपणच लिहिलेलं वाक्य संगणकाने परत दाखवायचं, यात मुलाला काहीच मिळत नाही. शिवाय उत्तर बरोबर की चूक हे तपासण्याचा प्रश्नच उरत नाही.

दुसऱ्या तुकडीसाठी सरांनी भरतीचं गणित सुचवलं. किनाऱ्यावर ते बहुतेक घरांत माहीत असतं: तिथीची पाऊणपट करा, तितक्या वाजता भरती. अष्टमीला आठाची पाऊणपट सहा, म्हणजे सहाच्या सुमारास पाणी पूर्ण चढतं. पौर्णिमेला आणि अमावास्येला पंधरा धरायचे, येतात सव्वाअकरा. मग साधारण सव्वासहा तासांनी ओहोटी. नियम ढोबळ आहे. चंद्र रोज सुमारे ५० मिनिटं उशिरा येतो आणि आपण हिशेबात ४५ धरतो, पण होडी केव्हा लोटायची एवढं ठरवायला तो पिढ्यान्‌पिढ्या पुरला आहे.

या प्रोग्रॅमची मोठी सोय अशी की उत्तर घरी जाऊन पडताळता येतं. भिंतीवरचं कॅलेंडर तिथी सांगतं आणि समुद्र उत्तर सांगतो. संगणक चुकला तर आजोबांना ते आमच्याआधी कळतं.

पहिल्या दिवशी फळ्यावर दोनच ओळी होत्या:

तिथी = १५
प्रिंट(तिथी * ३ / ४)

उत्तर आलं ११.२५. एकाने लगेच ‘सव्वाअकरा’ म्हटलं, दुसरी म्हणाली, ‘अकरा वाजून पंचवीस मिनिटं.’ वर्गात जुंपली. दोन्ही बाजूंना बोलू दिल्यावर एका मुलाने शांतपणे सांगितलं की पाऊण तास म्हणजे पंचेचाळीस मिनिटं, मग तासांत कशाला मोजायचं? तिथी गुणिले ४५, सगळं मिनिटांत, आणि शेवटी साठाने भाग. सरांनी तेवढंच घेतलं आणि पूर्णांक भागाकार व बाकी यांची दोन चिन्हं दाखवली. १५ गुणिले ४५ म्हणजे ६७५. त्यात साठ बसतात ११ वेळा आणि बाकी राहते १५. पहिल्याच तासात मुलांनी एकक बदलून प्रश्न सोपा केला होता, तोही एका जिवंत वादातून. ‘हॅलो वर्ल्ड’वर असा वाद होणं शक्य नव्हतं.

आठ त्रिक आठशे अठ्ठ्याऐंशी

दुसऱ्या दिवशी तिथी कोडमध्ये न लिहिता वापरणाऱ्याला विचारायची होती. इथे काय झालं ते जरा सविस्तर सांगते, कारण नवशिक्यांना भाषा कुठे कठीण जाते याचं इतकं नेमकं उदाहरण मला दुसरं मिळालेलं नाही.

नववीतल्या एका मुलीने आदल्या दिवशीच्या पाऊणपटीच्या ओळीलाच इनपुट, म्हणजे वापरणाऱ्याला विचारणारं फंक्शन, जोडलं. तिथी विचारली गेली, तिने ८ दाबलं, एंटर केलं आणि समोर टाइपएरर, म्हणजे प्रकार जुळत नसल्याची चूक. संदेश असा की भागाकाराचं चिन्ह मजकूर आणि पूर्णांक यांच्यात चालत नाही. तिने भागाकार पुन्हा पुन्हा वाचला. ‘भागिले चार’मध्ये काही चूक नव्हती. मग तिने मोठं शहाणपण केलं: भागाकार काढून टाकला आणि नुसता गुणाकार छापला. उत्तर आलं ८८८.

कारण असं की पायथनमध्ये इनपुट हे फंक्शन जे देतं तो कायम मजकूर असतो, संख्या नव्हे. आणि मजकुराला तिनाने गुणणं पायथनला मान्य आहे. तो मजकूर तीनदा लिहून देतो. म्हणजे चूक झाली पहिल्या ओळीत, गुणाकाराने ती गुपचूप पुढे ढकलली आणि बोंब मारली भागाकाराने. मुलगी तपासत बसली ती निर्दोष चिन्हाला.

जुन्या पायथन २ मध्ये इनपुट वेगळं वागायचं. तिथे ८ लिहिलं की ८ ही संख्याच मिळायची. पण ते फंक्शन वापरणाऱ्याने टाइप केलेलं काहीही कोड म्हणून चालवायचं, आणि ते धोक्याचं होतं. २००८ च्या डिसेंबरात आलेल्या पायथन ३ मध्ये ते बदललं. बदल योग्यच होता, याबद्दल माझ्या मनात शंका नाही. पण त्याची किंमत नवशिक्या मोजतो, आणि ती भरून काढण्याची जबाबदारी शिकवणाऱ्यावर येते.

आम्ही ८८८ लपवलं नाही. उलट पुढे प्रत्येक मुलाकडून ते मुद्दाम काढून घेतलं: आधी इनपुट नुसतं, मग त्याच्याभोवती इंट, म्हणजे मजकुराची संख्या करणारं फंक्शन. दोन्ही उत्तरं एकाखाली एक. ‘संगणकाला ८ दिसला, पण त्याने तो अक्षर म्हणून घेतला’ हे वाक्य मग समजावून सांगावं लागत नाही.

याच ठिकाणी एक सुखद गोष्ट सापडली. एका मुलाचा कीबोर्ड मराठीवर राहिला होता आणि त्याने मराठी आकड्यांत १५ टाइप केलं. इंट या फंक्शनने ते बिनतक्रार घेतलं. युनिकोडमधले, म्हणजे सगळ्या लिप्यांच्या अक्षरांना क्रमांक देणाऱ्या पद्धतीतले, कोणत्याही लिपीचे दशमान अंक त्याला चालतात. मात्र हेच मराठी अंक थेट कोडमध्ये लिहिले तर पायथन ‘अवैध अक्षर’ म्हणून थांबतो. वापरणाऱ्याने मराठी अंक दिले तर चालतील, लिहिणाऱ्याने लिहिले तर नाही. हा भेद मुलांनी चटकन पकडला.

नावं कोणत्या लिपीत लिहायची

पायथन ३ मध्ये चलांची, म्हणजे किमती साठवणाऱ्या व्हेरिएबलची, नावं देवनागरीत देता येतात. तिथी, भरती, ओहोटी ही नावं काना-मात्रांसकट चालतात. ही सोय आहे तर वापरून बघू, असं ठरवून आम्ही काही आठवडे अर्ध्या वर्गाला देवनागरी नावं दिली आणि उरलेल्यांना रोमन.

वाचताना देवनागरी कोड फारच गोड वाटतो. मुलांच्या आयांनाही त्यातलं काही वाचता आलं, याचं मला अप्रूप वाटलं. लिहिताना मात्र हाल झाले. प्रत्येक ओळीत दोन-चार वेळा कीबोर्ड बदलायचा. राखीव शब्द इंग्रजीत, नाव मराठीत, चिन्ह पुन्हा इंग्रजीत. मराठी कीबोर्डच्या इन्स्क्रिप्ट मांडणीत शिफ्ट धरून आठ दाबलं की गुणाकाराची फुली येत नाही, ‘श्र’ येतो, पाचावर ‘ज्ञ’. म्हणजे तिथीला ४५ ने गुणायचं तरी लिपी बदलणं आलं.

शिवाय न दिसणारी अक्षरं. ‘खाऱ्या’सारख्या शब्दातला ऱ्य काही जुन्या सवयीच्या पद्धतींत र, हलन्त आणि एक अदृश्य जोडचिन्ह वापरून उमटवतात. पायथनच्या नावांत ते जोडचिन्ह चालत नाही. पडद्यावर शब्द अगदी शुद्ध दिसतो आणि पायथन ‘न छापता येणारं अक्षर’ अशी तक्रार करतो. मुलाला जे दिसतच नाही ते त्याने दुरुस्त कसं करायचं?

उपाय मुलांच्या खिशातच होता. दिवसभर व्हॉट्सअ‍ॅपवर ती मराठीच लिहितात, रोमन अक्षरांत. तेच इथे आणलं. चलांची नावं मराठी शब्द, रोमन लिपीत. पडद्यावर छापायची वाक्यं देवनागरीत. राखीव शब्द जसेच्या तसे. कीबोर्ड बदलायचा तो फक्त अवतरणचिन्हांच्या आत. वर्गाची गती त्या दिवसापासून बदलली.

आणखी एक फायदा नंतर लक्षात आला. सुवर्णदुर्गाची तटबंदी कासवाच्या रेषांनी काढायची होती. कासव, म्हणजे टर्टल, हे लोगो भाषेतून पायथनमध्ये आलेलं चित्रं काढायचं साधन. एकाने फाइलचं नाव टर्टल असंच ठेवलं. मग पायथन खऱ्या टर्टलऐवजी त्याच फाइलला आयात करू, म्हणजे प्रोग्रॅममध्ये ओढून घेऊ, लागला आणि ‘अर्धवट सुरू झालेलं मॉड्यूल (कोडची फाइल)’ वगैरे अगम्य बोलू लागला. या चुकीत भलेभले फसतात. पायथन ३.१३ पासून अशा वेळी फाइलचं नाव बदलण्याचा सल्ला मिळतो, पण आमच्याकडे ती आवृत्ती नव्हती. आम्ही नियम केला: फाइलचं नावही मराठीच, रोमन अक्षरांत. कासव, भरती, किल्ला. पायथनच्या भांडारात अशा नावाचं काही नाही, म्हणून टक्करही नाही.

रोमन मराठीचा तोटा एकच, पण रोजचा. प्रमाण स्पेलिंग नाही. भरतीत आर नंतर ए घालायचा की नाही, वेळ व्ही ने की डब्ल्यू ने, तिथीचा शेवट आय ने की दोन ई ने. एकच मूल वरच्या ओळीत एक लिहितं आणि खालच्या ओळीत दुसरं. इथून आम्ही आवृत्तीच्या प्रश्नाकडे वळलो.

कोणता पायथन

विंडोज ७ वर चालणारी पायथनची शेवटची आवृत्ती ३.८. नव्या संगणकाची ऐपत वाचनालयाची नाही, मग ३.८ काय वाईट, असं कुणालाही वाटेल. भाषा तीच, प्रोग्रॅम तेच. पण नवशिक्याच्या दृष्टीने ३.८ आणि ३.१० यांत मोठं अंतर आहे, कारण चुकांचे संदेश मधल्या काळात सुधारले.

३.९ मध्ये पायथनला कोड वाचण्याची नवी यंत्रणा, नवा पार्सर मिळाला. त्याच्या बळावर ऑक्टोबर २०२१ च्या ३.१० मध्ये पाब्लो गालिंदो साल्गादो आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी संदेश नीट केले. आमच्या वर्गातली सगळ्यांत नेहमीची चूक घ्या: दुसऱ्या ओळीत प्रिंटचा कंस बंद करायचा राहिला. ३.८ तिसऱ्या ओळीवर बोट ठेवून फक्त ‘इनव्हॅलिड सिंटॅक्स’ म्हणायचा. मूल तिसरी ओळ खोडून पुन्हा लिहायचं, तीच, तशीच, आणि पुन्हा तेच उत्तर. ३.१० उघड्या कंसावरच खूण करून सांगतो की हा कंस बंद झालेलाच नाही. पहिल्या तुकडीतलं ‘चालतच नाही’ हे बऱ्याच अंशी इथलं होतं, असं मी आता ठामपणे म्हणेन.

दुसरी सुधारणा आमच्यासाठीच केल्यासारखी निघाली. अनोळखी नाव दिसलं की ३.१० जवळचं ओळखीचं नाव शोधतो आणि विचारतो, तुम्हाला अमुक म्हणायचं होतं का? रोमन मराठीतली स्पेलिंगची ओढाताण यात बहुतेक वेळा पकडली जाते. वर एक ‘भरती’ आणि खाली एक जादा ए घालून लिहिलेली ‘भरती’ असली, तर पायथन वरचीच पुढे करतो. आणि ऑक्टोबर २०२२ मध्ये आलेला ३.११ ओळीतल्या नेमक्या कोणत्या भागात घोटाळा झाला त्याच्याखाली खुणा करतो. ८८८ च्या प्रकरणात त्या खुणा भागाकाराखालीच येतात, म्हणजे मूळ दोष सापडत नाही. पण निदान दोन बाजूंना काय आहे ते बघायची सवय लागते.

म्हणून आम्ही विंडोज ७ काढलं आणि डेबियन १२ ही लिनक्स प्रणाली बसवली, हलक्या डेस्कटॉपसह. त्यात ३.११ येतो, आणि ३२ बिटच्या जुन्या यंत्रांवरही तो चालतो. पेन ड्राइव्हवरून एक संगणक उभा केला की बाकीचे त्याच वाटेने. थॉनी हा एस्टोनियातल्या टार्टू विद्यापीठातून आलेला संपादकही डेबियनच्या भांडारातून मिळाला. चल आत्ता किती आहे हे त्यात बाजूच्या चौकटीत दिसतं आणि प्रोग्रॅम एकेक पाऊल चालवता येतो. पण जवळच्या नावाचा सल्ला भाषेच्याच शब्दांत दिसावा म्हणून फाइल शेवटी टर्मिनलमधून, म्हणजे कमांड टाइप करायच्या खिडकीतून, चालवायची, अशी शिस्त ठेवली.

घरी विंडोज १० किंवा ११ चा लॅपटॉप असलेल्या मोजक्या मुलांसाठी एका कागदावर दोनच सूचना दिल्या: इन्स्टॉलरच्या पहिल्या पडद्यावर तळाशी पाथची (पायथन कुठे आहे ते विंडोजला कळवणारी) चौकट असते, तिच्यात आधी खूण करा, आणि कमांड दिल्यावर मायक्रोसॉफ्ट स्टोअर उघडलं तर घाबरू नका, पायथन अजून सापडला नाही एवढाच त्याचा अर्थ.

इंग्रजीखाली एक मराठी ओळ

पायथनचे संदेश इंग्रजीतच आहेत. मात्र चूक छापण्याचं काम ज्या फंक्शनकडे आहे ते बदलता येतं. त्याचं नाव सिस.एक्सेप्टहुक. मी एक छोटी फाइल लिहिली. ती पायथन सुरू होताना आपोआप वाचली जाते. मूळ संदेश जसाच्या तसा छापायचा आणि त्याच्याखाली मराठीत एक ओळ जोडायची, इतकंच ती करते.

ओळी ठरवायला मात्र वेळ दिला. पहिले मसुदे फार बडबडे होते. सरांचा आग्रह असा की आधी ओळ क्रमांक, मग काय झालं, मग काय बघायचं. अनोळखी नावासाठी: ‘ओळ ३. हे नाव अजून ओळखीचं नाही. वर कसं लिहिलंय ते अक्षर-अक्षर ताडून बघ.’ टाइपएररसाठी: ‘संख्या आणि मजकूर एकत्र आले असावेत. इनपुटभोवती इंट घातलंय का?’ ओळीच्या सुरुवातीच्या मोकळ्या जागेसाठी: ‘ही ओळ वरच्या ओळीच्या रांगेत आहे का, की एक पायरी आत हवी?’ मोजक्याच प्रकारच्या चुका घेतल्या. बाकीच्यांना मराठी ओळ नाही. अंदाजाने चुकीचा सल्ला देण्यापेक्षा ते बरं.

इंग्रजी पुसून टाकायचा मोह आम्ही टाळला. ही मुलं पुढे रत्नागिरीला, पुण्याला शिकायला जातील तेव्हा मराठी ओळ सोबत नसेल. दोन्ही एकत्र पाहून पाहून ‘नेमएरर’ (अनोळखी नावाची चूक) हा त्यांच्या ओळखीचा होतो. काही आठवड्यांनी एक मुलगा खालची ओळ वाचायच्या आतच वरचं वाचून दुरुस्ती करायला लागला. ती फाइल आम्हाला हवी तशी काम करत होती.

सगळी भाषाच मराठीत का नको, असं मला विचारलं गेलं आहे. सायामिंदू दासगुप्ता आणि बेंजामिन माको हिल यांनी २०१७ मध्ये दाखवलं की स्क्रॅच या मुलांसाठीच्या प्रोग्रॅमिंग भाषेचे ठोकळे आपल्या भाषेत वापरणारी मुलं नव्या संकल्पना अधिक वेगाने वापरायला लागतात. मला ते पटतं. पण स्क्रॅचमध्ये ठोकळे ओढायचे असतात, टाइप करायचं नसतं. लिपी बदलण्याचा आमचा त्रास तिथे उद्भवतच नाही. फेलिएन हर्मन्स यांची हेडी ही टप्प्याटप्प्याने व्याकरण वाढवत नेणारी भाषा तर आपापल्या भाषेतले शब्द घेते आणि शेवटी पायथनपर्यंत पोचवते. विचार फार सुंदर आहे. पण ती ब्राउझरमध्ये चालते आणि आमच्याकडे पावसात नेट दोन-दोन दिवस नसतं. नेट भरवशाचं असतं तर सहावी-सातवीच्या मुलांना मी आधी हेडीच दिली असती.

आजोबा आणि उणे एक वाजता

१ जून ते ३१ जुलै मासेमारी बंद असते. होड्या शाकारलेल्या, माणसं घरी. एका मुलीचे आजोबा, जुने तांडेल (होडीचे म्होरके), माडी चढून वर आले आणि नातीचा प्रोग्रॅम बघून म्हणाले, ‘हा हिशेब मुंबईचा गो. आपल्याकडे पाणी आधी चढतं.’

बरोबर होतं. पश्चिम किनाऱ्यावर दक्षिणेकडे भरती मुंबईच्या आधी येते. मग ‘फरक’ नावाचं नवं चल आलं, वापरणाऱ्याकडून मिनिटांत मागितलेलं. फरक बंदराबंदराला वेगळा, म्हणून तो कोडमध्ये पक्का केला नाही. मुलीने प्रयोगासाठी ५० टाकले. अष्टमीला ३६० उणे ५०, म्हणजे ५ वाजून १० मिनिटं. ठीक. मग प्रतिपदा टाकली. ४५ उणे ५० झाले उणे ५, आणि पडद्यावर आलं: ‘-१ वाजून ५५ मिनिटं’.

पायथनचा पूर्णांक भागाकार खालच्या दिशेने जातो, म्हणून उणे पाचाला साठाने भागल्यावर उणे एक आणि बाकी पंचावन्न. गणित म्हणून ते बरोबर आहे. पण घड्याळात असा आकडा नाही. वर्गात ‘इफ’ शिकवायचा तास अजून यायचा होता. तो त्याच क्षणी आला: मिनिटं शून्याहून कमी असतील तर त्यात ७२० मिळवा. अकरा पंचावन्न. आजोबांनी मान हलवली आणि पुढचा प्रश्न टाकला, उधाण (मोठी भरती) केव्हा आणि भांग (लहान भरती) केव्हा ते यात का नाही? म्हणजे पुढच्या रविवारचा धडाही त्यांनीच दिला.

‘इफ’ची गरज आधी आणि ‘इफ’ नंतर. हा क्रम पाठ्यपुस्तकात लिहून साधत नाही. प्रोग्रॅमचं उत्तर तपासणारं माणूस आसपास असावं लागतं.

अजून अडतं ते

दुसऱ्या तुकडीतली बहुतेक मुलं टिकली आहेत. सगळं सुटलं असं नाही.

मासळीच्या लिलावाचा तक्ता करताना रकाने वाकडे होतात. पायथन अक्षरं मोजतो ती युनिकोडची, म्हणून ‘बांगडा’ची लांबी सहा येते आणि ‘हलवा’ची चार, डोळ्याला दोन्ही तीन-तीन अक्षरांची. मोकळ्या जागा भरून रकाना सरळ करायचा प्रयत्न त्यामुळे फसतो. सध्या आम्ही भाव आणि वजन आधी छापतो आणि माशाचं नाव शेवटच्या रकान्यात. वाकडं होणारं काही उरत नाही.

खरी मोठी अडचण वेगळी आहे. घरी लॅपटॉप फार थोड्यांकडे, फोन मात्र जवळजवळ प्रत्येक घरात. पायड्रॉइडसारखं अ‍ॅप वापरून फोनवर पायथन चालतो, नेट नसतानाही. पण लहान पडद्यावर कंस आणि मोकळ्या जागा सांभाळणं जिकिरीचं. त्यातच वर्डमधल्या नोट्समधून कोड उचलला की सरळ अवतरणचिन्हांची वाकडी झालेली असतात आणि पायथन पहिल्याच ओळीला अडतो. मराठी ओळ देणारी फाइल फोनवर आपोआप वाचली जाईल अशी बसवणं मला अजून जमलेलं नाही. सध्या मुलं ती प्रत्येक प्रोग्रॅमच्या पहिल्या ओळीत आयात करतात. पण कंस राहून गेला की पायथन प्रोग्रॅम सुरूच करत नाही, ती आयातही होत नाही, आणि जिथे मराठी ओळ सर्वांत जास्त हवी तिथेच ती येत नाही. दिवाळीनंतरची तुकडी सुरू होण्याआधी मी एक छोटा चालक प्रोग्रॅम लिहिते आहे: मुलाची फाइल आधी तो वाचेल, वाकडी चिन्हं सरळ करेल, कंसाचा घोळ असेल तर मराठीत सांगेल आणि मगच ती पायथनकडे देईल.